विश्लेषण : खेळून झालेला व्हिडिओ गेम विकणे कायदेशीर आहे का? डिस्कच उरली नाही तर काय?

प्लेस्टेशन ५च्या मोठ्या गेमची भारतातली छापील किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत जाते. कथा संपायला दोन-तीन आठवडे पुरतात. त्यानंतर डिस्क कपाटात पडून राहते, किंवा विकली जाते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अनेक मुलांचा हा छंद दुसऱ्या पर्यायावरच टिकून आहे. कंपन्यांना मात्र हा पर्याय कधीच फारसा आवडला नाही. आता त्यांना त्याला विरोध करण्याचीही गरज राहिलेली नाही, कारण डिस्कच हळूहळू बाजारातून जात आहे.

उपनगरांत हा व्यवहार कसा चालतो?

विकणारा बोरिवलीचा आणि घेणारा मुलुंडचा असेल, तर पहिला प्रश्न किमतीचा नसतो, भेटायचे कुठे हा असतो. एक पश्चिम रेल्वेवर, दुसरा मध्य रेल्वेवर. पूर्वी अशा वेळी दादरला पर्याय नव्हता. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर स्थानकही सोयीचे झाले. मोबाइलच्या टॉर्चमध्ये डिस्क तिरकी धरून ओरखडे पाहायचे, यूपीआयने पैसे द्यायचे आणि परतीची गाडी पकडायची. काही दुकानदार जुनी डिस्क घेऊन नव्या गेमच्या किमतीतून पैसे वळते करतात. तिथे भाव कमी मिळतो, पण प्रवास वाचतो.

हिशेब सोपा आहे. समजा, ४,९९९ रुपयांना घेतलेला गेम महिन्याभराने ३,२०० रुपयांना विकला, तर प्रत्यक्ष खर्च १,७९९ रुपये होतो. वर्षाला असे चार गेम धरले तर १९,९९६ रुपयांऐवजी ७,१९६ रुपयांत भागते. पॉकेटमनीवर किंवा पहिल्या नोकरीच्या पगारावर गेम घेणाऱ्यासाठी छंद चालू ठेवणे आणि सोडून देणे यातला हा फरक आहे.

प्लेस्टेशन २च्या काळात बनावट डिस्क सर्रास मिळत. त्या इतक्या स्वस्त असत की जुनी विकायला कुणी जात नसे. अस्सल डिस्कला मात्र खेळून झाल्यावरही मोल राहते. महाग अस्सल गेम घेण्याची हिंमत ग्राहक करतो ती पुढे विकता येईल या भरवशावर, हे कंपन्यांच्या तक्रारीत सहसा येत नाही.

कायदा काय सांगतो?

स्वतः विकत घेतलेली अस्सल डिस्क पुढे विकायला भारतात अडथळा दिसत नाही. पण कायदा इथवर सरळ रेषेत आलेला नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १४मध्ये निर्मात्याचे हक्क सांगितले आहेत. पुस्तकांबाबत ते स्पष्ट आहे. एकदा बाजारात आलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर हक्क राहत नाही. म्हणून माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुनी पुस्तके विकणाऱ्याला प्रकाशकाकडे जावे लागत नाही. संगणक प्रोग्रॅमला मात्र वेगळा न्याय होता. १९९४च्या दुरुस्तीनुसार, प्रत आधी विकली गेली असली तरी पुढच्या विक्रीवर निर्मात्याचा हक्क कायम होता. त्या नियमाने जुन्या गेमची विक्री अडचणीतच आली असती. १९९९च्या दुरुस्तीत हे शब्द वगळण्यात आले.

२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंजिनीअरिंग अॅनालिसिस’ प्रकरणात याच बदलावर बोट ठेवले. वाद गेमचा नव्हता. परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेल्या पैशांवर रॉयल्टी म्हणून कर लागतो का, असा होता. न्यायालयाने सांगितले की या तरतुदीचा रोख प्रोग्रॅमच्या नकला काढून त्या विकण्यावर आहे. अस्सल प्रत हातोहात पुढे जाणे हा वेगळा विषय आहे.

भाड्याचे तसे नाही. प्रोग्रॅम व्यावसायिक तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडेच आहे. म्हणजे मित्राला डिस्क फुकट दिली तर प्रश्न नाही, विकली तरी नाही. पण आठवड्याच्या भाड्याने डिस्क देण्याचा धंदा परवानगीशिवाय केला तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. गल्लीत हा फरक कुणी पाळत नाही, ही गोष्ट निराळी. अमेरिकेत तर कन्सोलच्या गेमना भाड्याच्या या बंदीतून कायद्यानेच सूट दिली आहे.

कंपन्यांचे म्हणणे काय?

तीच डिस्क पाच हातांतून गेली तरी निर्मात्याला पैसे एकदाच मिळतात आणि ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरचा खर्च मात्र चालूच राहतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. जपानमध्ये तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. गेम हा चित्रपटासारखा आहे, म्हणून प्रतींच्या वितरणावर आमचे नियंत्रण हवे, असे कंपन्यांनी मांडले. २५ एप्रिल २००२च्या निकालात न्यायालयाने पहिला भाग मान्य केला आणि दुसरा फेटाळला. एकदा ग्राहकाला विकलेल्या प्रतीवरचा वितरणाचा हक्क तिथेच संपतो.

त्यानंतर कंपन्यांनी न्यायालयाऐवजी तंत्राचा आधार घेतला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१०मध्ये ‘ऑनलाइन पास’ आणला. डिस्कसोबतचा कोड एकदाच चाले. दुसऱ्या मालकाला ऑनलाइन खेळायचे तर वेगळे पैसे. २०१३मध्ये तो बंद करावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जुन्या गेमवर निर्बंध जाहीर केले. सोनीने लगेच एक छोटा व्हिडिओ काढला. गेम मित्राला कसा द्यायचा? एकाने दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवायची, इतकेच! १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली.

निर्मात्याचा मुद्दा अगदीच चूक नाही. पण लहान स्टुडिओ आपले गेम बहुतेक डाउनलोडद्वारेच विकतात. त्यांचा तोटा जुन्या डिस्कमुळे होत नाही. आणि जुना गेम विकून आलेले ३,२०० रुपये पुष्कळदा पुढच्या नव्या गेममध्येच जातात.

डाउनलोड केलेला गेम विकता येतो का?

नाही. स्टीमसारख्या सेवांच्या अटींनुसार ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना, आणि खाते दुसऱ्याला देता येत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२मध्ये ‘यूज्डसॉफ्ट’ प्रकरणात डाउनलोड केलेले सॉफ्टवेअर पुढे विकायला मुभा दिली होती. त्याच धाग्यावर फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले. २०१९मध्ये संघटना जिंकली, २०२२मध्ये अपिलात हरली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. गेम म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर नव्हे आणि डिजिटल प्रत झिजत नाही, अशी त्यामागची भूमिका.

डिस्क दिसते तिथेही ती पोकळ होत चालली आहे. २०२२च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर १०० एमबीहूनही कमी डेटा होता, बाकी सारे डाउनलोड. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २च्या काही कार्डांत गेम नसतो, फक्त किल्ली असते. ते कार्ड विकता तरी येते, पण कंपनीचा सर्व्हर चालू असेपर्यंतच त्याचा उपयोग.

विकता येत नसेल, तर ते विकत घेण्यापूर्वी सांगायला हवे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५पासून तसा कायदा लागू केला आहे. परवानाच देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणण्याआधी तसे स्पष्ट लिहा. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या १३ प्रकारांत हा प्रकार नाही. तो घालायला हवा. पुन्हा विकता येणारी डिस्क आणि न येणारे डाउनलोड एकाच भावात विकले जात असेल, तर ग्राहकाला निदान फरक तरी कळला पाहिजे.

मग ऑनलाइन विकली जाणारी ‘खाती’ कोणती?

या पोकळीतूनच नवा धंदा उभा राहिला आहे. गेम विकता येत नाही म्हणून गेम असलेले अख्खे खातेच पासवर्डसकट विकायचे. भाव डिस्कपेक्षा कमी, म्हणून मोह मोठा. पण हे कंपनीच्या अटींविरुद्ध आहे, खाते बंद होऊ शकते आणि मूळ मालक जुन्या ईमेलवरून ते परत मिळवू शकतो. एकच खाते चौघांना विकल्यावरही प्रत्येकाला आधी काही दिवस गेम चालताना दिसतो. फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. मात्र खाते परत मिळेल याची खात्री नाही. डिस्कच्या व्यवहारात हा धोका नसतो. घाटकोपरला हातात पडलेली डिस्क परत न्यायची तर विकणाऱ्याला मुलुंडपर्यंत यावे लागेल.