गोदाघाट बुजवू नका

2027 च्या सिंहस्थाची कामे करताना नाशिकच्या गोदाकाठावरील जुन्या वास्तूंना धक्का लागता कामा नये आणि नदीपात्रात नवे काँक्रीट पडता कामा नये.

रामकुंड परिसरातील कुंडे, दगडी घाट आणि देवळे ही एकसंध रचना आहे. 1747 मधील नारोशंकर मंदिर, 1756 मधील सुंदरनारायण मंदिर आणि पुराची पातळी सांगणारा दुतोंड्या मारुती यांचा अर्थ नदीच्या सान्निध्यातच लागतो. पात्राचा तळ काँक्रीटने बंद झाला की कुंडांचे जिवंत झरे गुदमरतात. मग स्नानासाठी गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्यावर विसंबावे लागते आणि तीर्थ नावापुरते उरते. शिवाय नव्या बांधकामांनी पात्र आवळले, तर 2008 आणि 2019 सारख्या पुरांचा तडाखा याच चिरेबंदी वास्तूंना बसणार.

लाखो भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण ती वारशाच्या मोबदल्यात नको. घाटावरील प्रत्येक कामाला पुरातत्त्व विभागाची लेखी संमती घ्यावी, कुंडांत पूर्वी टाकलेले काँक्रीट काढावे आणि संपूर्ण आराखडा नाशिककरांपुढे ठेवावा. पर्वणी सरेल, बुजलेले झरे आणि निखळलेले चिरे मात्र पुढच्या सिंहस्थालाही परतणार नाहीत.