सज्ञान व्हायला नको म्हणणारे राष्ट्र

ब्रिटिश साम्राज्यातल्या गोऱ्या वसाहतींचा इतिहास सांगणाऱ्यांची आपल्याकडे एक ठरीव पोथी आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ही म्हणे इंग्लंडची लेकरे. ती यथाकाल मोठी झाली, आईने एकेकाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्या आणि सारे कुटुंब राष्ट्रकुल या नावाने सुखाने नांदू लागले. या पोथीला एक परिशिष्टही असते. आमच्या पुढाऱ्यांनी १९२९ साली लाहोरला संपूर्ण स्वराज्याचा हट्ट धरला नसता, आयर्विनसाहेबांनी देऊ केलेले वसाहतीचे स्वराज्य पदरात पाडून घेतले असते, तर आम्हीही त्याच पंगतीला मानाने बसलो असतो!

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे माणसे तोंडाने काय म्हणतात यापेक्षा वेळ आली की काय करतात हे पाहण्याची खोड जडली आहे. त्या खोडीने ऑस्ट्रेलियाची दोन महायुद्धांमधली वीस वर्षे पाहिली, की हे आई-लेकराचे कीर्तन मला साफ खोटे वाटू लागते.

१९२६ च्या साम्राज्य परिषदेने जाहीर केले की, या वसाहती दर्जाने इंग्लंडच्या बरोबरीच्या आहेत, कोणी कोणाच्या हाताखाली नाही. त्याला कायद्याचे रूप आले ११ डिसेंबर १९३१ रोजी, वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने. यापुढे वसाहतीने मागितल्याशिवाय लंडनचा कायदा तिच्यावर चालणार नव्हता. कॅनडा, दक्षिण आफ्रिका आणि आयर्लंड यांना तो तत्काळ लागू झाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यासाठी मात्र निराळे कलम होते: त्यांच्या पार्लमेंटांनी ठराव करून स्वीकारल्याखेरीज त्यातली मुख्य कलमे त्यांना लागू नाहीत. हे कलम लंडनने लादलेले नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनीच ते मागून घेतले होते! ऑस्ट्रेलियाने हा कायदा १९४२ च्या ऑक्टोबरात स्वीकारला. न्यूझीलंडने १९४७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या पंधरा ऑगस्टनंतर तीन महिन्यांनी. न्यूफाउंडलंडने तर कर्जापायी १९३४ साली स्वतःचे विधिमंडळच गुंडाळून ठेवले आणि कारभार लंडनने नेमलेल्या मंडळाच्या हाती दिला.

इस्टेटीच्या दाव्यात वय पुरे होताच पालक-चुलत्याला कोर्टात खेचणारे पुतणे आपल्या मुलखात गावोगाव सापडतील. चुलत्याने होऊन कागद पुढे करावेत आणि पुतण्याने म्हणावे, ‘राहू द्या काका, मी अज्ञानच बरा!’ असा पुतण्या विरळा. आणि कोणी म्हणालाच, तर भाऊबंद त्याच्या पितृभक्तीचे गोडवे गाणार नाहीत. ते एकच विचारतील: यात याचा फायदा काय?

तोच प्रश्न मी ऑस्ट्रेलियाला विचारतो. एवढे विस्तीर्ण खंड आणि वस्ती पुरती सत्तर लाखही नाही. उत्तरेला आशियातली कोट्यवधी माणसे. १९०१ साली संघराज्य स्थापन झाले, त्याच वर्षी काळ्यापिवळ्यांना दार बंद करणारा कायदा झाला. त्या दाराची राखण करायची तर इंग्लंडचे आरमार हवे, लोकर आणि गहू खपायला इंग्लंडचा बाजार हवा, रेल्वे आणि बंदरे बांधायला लंडनची कर्जे हवीत. १९३२ च्या ओटावा करारांनी बाजाराची सोय आणखी पक्की केली. या सौद्याला राजनिष्ठा हे नाव दिले की तो शोभून दिसे, इतकेच.

त्या कायद्यात कातडीच्या रंगाचा शब्द नव्हता. होते शुद्धलेखन! अधिकाऱ्याने कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा सांगायचा, उतारूने तो लिहायचा. मी आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घालत आलो आहे, पण परीक्षार्थी नापास व्हावा म्हणूनच भाषा निवडणारा परीक्षक मी फक्त या कायद्यातच पाहिला. १९३४ साली एगॉन किश हा प्रागचा लेखक फॅसिझमविरोधी सभेसाठी तिकडे गेला. त्याला अनेक युरोपीय भाषा येत, म्हणून त्याच्यापुढे स्कॉटलंडची गेलिक भाषा टाकण्यात आली. प्रकरण तिथल्या हायकोर्टात गेले आणि कोर्टाने ठरवले की, कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे. स्कॉटलंडचा राजा तोच आपला राजा, असे अभिमानाने सांगणाऱ्या देशातला हा निकाल!

यावर कोणी म्हणेल, त्या लोकांना स्वाभिमान नव्हता काय? होता. पहिल्या महायुद्धात त्यांची साठ हजार माणसे पडली, तरी सक्तीच्या लष्करभरतीला त्यांनी १९१६ आणि १९१७ साली दोनदा मतदानाने नकार दिला. १९३० साली पंतप्रधान स्कलिन यांनी पंचम जॉर्जची नाराजी पत्करून मेलबर्नला जन्मलेल्या आयझॅक आयझॅक्स यांना गव्हर्नर-जनरल करवले. परंतु १९३६ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी पुन्हा इंग्लंडचा सरदार आला. ऑस्ट्रेलियात जन्मलेला दुसरा गृहस्थ त्या पदावर बसायला १९४७ साल उजाडावे लागले.

आणि बॉडीलाइन! १९३२-३३ ची ती मालिका आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ असते. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन जन्माने मुंबईचा, मलबार हिलवरचा. ब्रॅडमनला आवरण्यासाठी त्याने लारवुडला फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायला लावले आणि लेगला क्षेत्ररक्षकांचे कोंडाळे उभे केले. ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचा कप्तान वुडफुल याच्या छातीवर चेंडू बसला, पुढे ओल्डफील्डची कवटी तडकली. प्रेक्षक खवळले. तिथल्या बोर्डाने लंडनला तार केली की, हा खेळ खिलाडूपणाचा नाही. लंडनने शांतपणे उत्तर दिले: तसे वाटत असेल तर दौरा रद्द करू. झाले! मंत्र्यांपर्यंत धावाधाव झाली, कर्जाची आणि व्यापाराची काळजी कुजबुजू लागली आणि बोर्डाने दुसरी तार करून खिलाडूपणाविषयीचा आरोप मागे घेतला. डोके फुटले ते ऑस्ट्रेलियाचे, शब्द गिळला तोही ऑस्ट्रेलियाने. त्या इंग्लिश संघात पतौडीचे नवाबही होते. सिडनीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी शतक काढले, पण त्या कोंडाळ्यात उभे राहण्यास नकार दिला आणि दुसऱ्या कसोटीनंतर ते संघाबाहेर गेले.

१९३९ च्या सप्टेंबरात तर परीक्षाच झाली. कॅनडाने आठवडाभर थांबून, पार्लमेंट बोलावून १० तारखेला युद्ध पुकारले. दक्षिण आफ्रिकेच्या पार्लमेंटात ८० विरुद्ध ६७ अशी मते पडली. आयर्लंड तटस्थ राहिले. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेन्झिस यांनी ३ तारखेच्या रात्रीच रेडिओवरून सांगितले की, इंग्लंड युद्धात उतरले आहे, सबब आपणही उतरलो आहोत. सबब! ज्यांची मुले मरणार होती त्यांच्या प्रतिनिधींना कोणी विचारले नाही.

मग १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले, चार दिवसांनी डार्विनवर बॉम्ब पडले. पुतण्याला तेव्हा कागदांची आठवण झाली. तीही देशभक्तीच्या लाटेने नव्हे, तर युद्धकाळातले आपले कायदे कोर्टात टिकतील की नाही या धास्तीने. म्हणून तर तो स्वीकार ३ सप्टेंबर १९३९ पासून मागे लागू केला.

आता त्या परिशिष्टाकडे वळू. आमचे नेमस्त पुढारी या पंगतीचा अनुभव घेऊन आले होते. गोखल्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री १९२२ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाचा दौरा करून, तिथे आधीच स्थायिक झालेल्या हिंदी लोकांना नागरिकत्वाचे हक्क द्या, असे विनवून आले. त्यांच्या वक्तृत्वाला टाळ्या पडल्या. १९२५ साली ऑस्ट्रेलियातल्या त्या मूठभरांना मतही मिळाले. दार मात्र तसूभर उघडले नाही. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना तर राष्ट्राच्या शिरगणतीत धरू नये असे खुद्द घटनेतच लिहिलेले होते, ते कलम १९६७ साली निघाले. ज्या राष्ट्राची सारी ओळख कोणाला बाहेर ठेवायचे यावर उभी होती, त्याला पहारेकऱ्याला निरोप देववेना, यात नवल कसले? आणि हा पहारा आमच्यावरच होता. त्या पंगतीत आमचे पान कुठे मांडले असते, हे लाहोरच्या हट्टाला नावे ठेवणाऱ्यांनी सांगावे. शास्त्रीबुवा साम्राज्याचे पाहुणे म्हणून ज्या बंदरांत मानाने उतरले, तिथेच उतरू पाहणाऱ्या त्यांच्या देशबांधवांसाठी ते शुद्धलेखन १९५८ पर्यंत तयार होते.