गर्भाशयाच्या जप्तीचा हुकूम

"मुले झाली, आता पिशवीचे काम काय? गाठ निघालीच आहे, तर काढून टाका, दरमहाचा त्रास जाईल आणि कर्करोगाची धास्तीही," असा फैसला केळापूर तालुक्यातील एका सुशिक्षित गृहस्थांनी, बाईची कैफियत ऐकण्याची तसदी न घेता, चारचौघांत सुनावला, आणि हेच गृहस्थ पूर्वी मुलांचे टॉन्सिल सरसकट काढावेत म्हणून आमच्याशी हुज्जत घालीत, हे स्मरले म्हणजे मानवी अवयवांवर त्यांची एकंदरच खप्पा मर्जी असावीसे वाटते.

कर्करोगाचे म्हणाल, तर ही गाठ फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंची, कर्करोगाची नव्हे; आणि तिच्यातून कर्करोग उद्भवणे अत्यंत विरळा. दरमहाच्या त्रासाचे म्हणाल, तर रजोनिवृत्तीनंतर ती बहुधा आपोआप आकसते.

परंतु 'काम संपले' हा युक्तिवाद इतक्या स्वस्तात सोडण्याजोगा नाही. जी बाई दिवसभर वावरात कापूस वेचते आणि सोनोग्राफीचा घडी पडलेला कागद पदराखाली धरून पांढरकवड्याच्या दवाखान्यात ताटकळते, तिच्या देहाची उपयुक्तता अपत्यसंख्येवरून ठरवावी, हे कोणत्या दप्तरातले गणित? गर्भाशयाबरोबर पुष्कळदा बीजकोशही काढले जातात, मग ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती ओढवते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि बीजकोश राखले, तरी ते अकाली थकण्याचा संभव उरतोच. या तर्कशास्त्राची परिणती पाहावयाची तर बीडकडे पाहावे : २०१९ साली शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीपायी खाडा पडू नये, खाड्यापायी दंड बसू नये, हाही त्यामागचा एक हिशेब होता. म्हणजे काम संपले म्हणून गर्भाशय गेले नाही, काम अडू नये म्हणून ते गेले.

आमचे म्हणणे थोडके आहे. त्रास नसल्यास गाठीवर नजर ठेवावी. अंगावरून फार जात असल्यास हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या व रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्या द्याव्यात, अथवा संप्रेरकयुक्त साधन गर्भाशयात बसवावे. जरूर तर केवळ गाठ काढावी, वा तिचा रक्तपुरवठा तोडावा, जी पद्धत १९९५ पासून वैद्यकविश्वास परिचित आहे. दुसरे मत हवे असल्यास यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. इतके होऊनही भागत नसेल आणि बाईने सर्व समजून संमती दिली असेल, तर गर्भाशय जरूर काढावे. त्यास आमची हरकत नाही, आणि गृहस्थांच्या शिफारशीचीही गरज नाही.