इंग्रजी वाक्प्रचार व आपलीं मुलें

परीक्षा जवळ आली कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या दिसूं लागतात. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. आणि सकाळसंध्याकाळ त्यांची घोकंपट्टी! आम्हीं स्वतः कित्येक वर्षें अशा याद्या फळ्यावर लिहून दिल्या आहेत, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. परंतु अनुभवानें आमचें मत पालटलें आहे, आणि तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

इंग्रजींत मांजरांचा व कुत्र्यांचा पाऊस पडतो, हें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. वस्तुतः हा वाक्प्रचार आज इंग्रज लोक बोलतांना क्वचितच वापरतात. मात्र छत्री घरीं विसरलेला तोच विद्यार्थी, 'मला आपल्या छत्रींत घ्याल काय?' एवढें साधें वाक्य इंग्रजींत विचारूं शकत नाहीं. दागिने पुष्कळ, पण अंगावर धड वस्त्र नाहीं, अशी ही स्थिति होय.

खरी अडचण रोजच्या लहान शब्दांत असते. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो व शिक्षक ती घेतात. इंग्रजींत नेमकें उलट. तेथें विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे शब्दशः घेतो, आणि शिक्षक ती देतात. कडक चहा 'हार्ड' नसून 'स्ट्राँग' असतो. पंखा 'क्लोज' करीत नाहींत, 'ऑफ' करतात. यांतील एकहि शब्द कठीण नाहीं. चुकते ती शब्दांची सोबत. 'पुट' हा शब्द लहान मूलहि जाणतें. परंतु 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणें सोसणें, हें कळल्यावांचून 'पुट' आला असें म्हणतां येत नाहीं.

यांत नवल तें काय? आपल्या मराठींत पाऊस पडतो, अंधार पडतो, स्वप्न पडतें, प्रश्न पडतो, माणूस आजारी पडतो आणि पगार कमी पडतो. हें आपणांस कोणीं यादी देऊन शिकविलें? आई, आजी व शेजारीपाजारी यांच्या बोलण्यांतून तें आपल्या कानांवर आलें. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. त्यांत 'पडणें' यासारख्या शब्दापुढें एकच अर्थ न देतां अनेक अर्थ व प्रयोग नोंदलेले आहेत. परकी भाषा शिकणाऱ्याची हीच खरी वाट.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी कीं, त्यांनीं एक लहान वही करावी. वाचण्यांत किंवा ऐकण्यांत आलेलीं रोज तीनच वाक्यें, पण पूर्ण वाक्यें, तींत उतरून घ्यावीं. आणि त्याच दिवशीं आपल्या घरची अथवा शाळेची एखादी गोष्ट सांगतांना तीं वापरावीं. वर्षाअखेर हजारांवर वाक्यें आपलीं होतील, आणि त्यांतील वाक्प्रचार पाठ केल्यावांचून पाठ होतील.

पालकांस मात्र आमची निराळी विनंति आहे. मागील वर्षीं एक माता आम्हांस भेटावयास आल्या होत्या. मुलाशीं घरीं केवळ इंग्रजींतच बोलावें, असा सल्ला त्यांस कोणीसा दिला होता. "सर, मला इंग्रजी येत नाहीं, म्हणून हल्लीं मी त्याच्याशीं फारसें बोलतच नाहीं," असें त्या म्हणाल्या. काय उत्तर द्यावें, तें आम्हांस क्षणभर सुचेना.

ज्या मुलाच्या कानीं घरांत 'पोटांत गोळा आला' किंवा 'जीव भांड्यांत पडला' असे बोल येत नाहींत, त्यास वाक्प्रचार म्हणजे काय, हें कळावें कोठून? शब्दापलीकडेहि अर्थ असतो, ही जाण पहिल्या भाषेंत येते आणि दुसरी भाषा तिच्याच आधारानें उभी राहते. आम्हीं त्या मातेस इतकेंच सांगितलें, "बाई, आपण त्याच्याशीं मराठींत पोटभर बोला, इंग्रजीचें आम्ही पाहूं."

इंग्रजी शिकविणें हें आमचें काम आहे व तें आम्ही टाळीत नाहीं. परंतु मायलेंकरांचें बोलणें बंद पाडून मिळविलेली कोणतीहि भाषा अखेर महागच पडेल.