म्हैसाळनंतर आपण जाब कोणाला विचारला?

मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळजवळ जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. पण तपासणीची जबाबदारी असलेल्या आरोग्य यंत्रणेचे काय?

शाहूपुरीत बसून आम्ही हे दूरचे मानू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८६३ मुली होत्या.

सुरक्षित गर्भपाताचा मार्ग स्त्रीला कायद्याने दिला आहे. त्याला आमचा विरोध नाही. मुलगी म्हणून गर्भ नाकारणे, ही मात्र निव्वळ विषमता आहे.

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांनुसार समुचित प्राधिकाऱ्याने प्रत्येक सोनोग्राफी केंद्र ९० दिवसांतून एकदा तपासायचे असते. सल्लागार समितीच्या दोन बैठकांत ६० दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. आठ जणांच्या या समितीत तीन जागा सामाजिक कार्यकर्त्यांच्या आहेत. त्या जागांवर कोण आहे, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे?

तरुणांनो, माहिती अधिकारात तपासणी अहवाल आणि बैठकांची इतिवृत्ते मागा. कारवाई होत नसेल, तर प्राधिकाऱ्याला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन कोणीही थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. विहारात आपण पहिले शील रोज म्हणतो. त्यासाठी एकदा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातही जाऊया.