आग्या मोहोळ उठलं तर

तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येकडच्या भिंतीशी मराठी माणसाचे पाय थबकतातच. दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास 1803 मध्ये तिथे दगडात कोरून घेतला. घरापासून इतक्या लांब आपली भाषा वाचताना ऊर भरून आला. पण नजर लगेच वर, विमानाच्या म्हणजे देवळाच्या शिखराच्या कडांखाली गेली. उंच दगड दिसला की मी आधी आग्या मोहोळ शोधतो. ही सवय गडांनी लावली. मार्च 2025 मध्ये शिवनेरीवर शिवजयंतीसाठी जमलेल्या शिवभक्तांवर माशा तुटून पडल्या होत्या.

आग्या माशी ढोलीत राहत नाही. कड्याखाली, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीखाली तिचं एकच उघडं पोळं लटकतं, कधी मीटरभर रुंद. लांबून ते वाळत घातलेल्या काळ्या घोंगडीसारखं दिसतं. जरा निरखून पाहिलं तर त्यावरून एक लाट सरसरत जाते. माशा ओळीने पोट उचलून ती उठवतात. ही त्यांची ताकीद. ती दिसली की हळूच मागे फिरावं. दगड मारणं, धूर, फटाके, जवळ घिरट्या घालणारा ड्रोन, एवढं मोहोळ उठायला पुरतं.

पहिली नांगी लागली की तिथून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो. म्हणून माशी चापटीने मारू नका, हात झाडू नका. तोंड-डोळे पदराने, शर्टाने झाका आणि पळा. गाडी किंवा दाराखिडक्यांची खोली गाठेपर्यंत थांबू नका. पालथं पडून राहा, विहिरीत उडी मारा, हे लहानपणी ऐकलेले सल्ले घातक आहेत. माशा पाण्यावर घोंगावत राहतात आणि श्वासाला डोकं वर काढावंच लागतं. ज्यांना पळता येत नाही त्यांना चादरीत पूर्ण गुंडाळून आत न्या.

तंजावरचं आवार सुमारे 240 मीटर लांब, 120 मीटर रुंद. पायात चपला नाहीत, दुपारी फरशी तापलेली, भोवतीच्या ओवऱ्या उघड्या. तिथे पळायचं कुठे? मी वेशीबाहेरची आमची गाडी मनात पक्की केली, सोबतच्यांना सांगितली आणि मगच पुन्हा वाचायला लागलो. गडावर, लेण्यांत, देवळात गेल्यावर एवढं तरी कराच.

नांगी नखाने खरवडून लगेच काढा. मागे राहिलेली विषाची पिशवी विष सोडतच असते. ओठ-घसा सुजला, धाप लागली, भोवळ आली तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. तेव्हा अॅड्रेनालिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. खूप डंख असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा, कारण नंतर मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक महाराष्ट्रात चालतो तसा तमिळनाडूतही चालतो.