दोन फुटांची बारशी लाईट

माझं एका शब्दाशी जुनं वैर आहे. शब्द साधा, सोज्वळ, शाळेच्या भिंतीवर शोभणारा : चिकाटी. हा गुण फेविकॉलच्या डब्यात असावा, माणसाच्या अंगी असू नये, असं माझं साठी उलटल्यानंतरचं पक्कं मत आहे. निदान छंदाच्या बाबतीत तरी. कचेरीत चिकाटी ठीक. तिचा पगार मिळतो. पण हौसेखातर करायच्या गोष्टीत जो चिकाटी आणतो, तो जेवणाच्या पंगतीत हजेरीपट आणतो.

हे वैर नव्यानं उफाळायला कारण झाले आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे साहेब. साहेबांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्यातली मीटिंग अजून संपलेली नाही. एका रविवारी ते सोसायटीच्या टाकीच्या कामासाठी सही घ्यायला आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पाहून थबकले. तिथं दोन फूट बाय एक फूट प्लायवूडची फळी होती. फळीवर काडेपेटीएवढी एक खोली, नऊ मिलिमीटर रुंदीचा रूळ आणि तारेचं एक बोडकं झाड.

"हे काय?"

"स्टेशन."

"कुठलं?"

"बारशी लाईटवरचं. आता नाहीये ते."

"किती दिवस चाललंय?"

"दुसरं वर्ष."

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी आपोआप खुर्चीत सरळ बसलो. "अहो, मोटिव्हेशन कमी पडतंय तुमचं," ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रकाने आखलेली एक वही घरी आली. तारीख, उद्दिष्ट, साध्य, शेरा. रोज एक तास, ठरलेल्या वेळी, काही झालं तरी!

मी भिडस्त माणूस. नऊ दिवस वही भरली. 'उद्दिष्ट : फलाटाला रंग. साध्य : नाही. शेरा : ब्रश सापडला नाही.' 'उद्दिष्ट : वरीलप्रमाणे. साध्य : नाही. शेरा : ब्रश सापडला, सूनबाई म्हणाल्या तो तुपाचा आहे.' नवव्या दिवसाअखेर स्टेशन एक सूतभर पुढं सरकलं नव्हतं, वही मात्र बिनचूक भरलेली होती. मोठमोठ्या योजनांचं काय होतं हे मला त्या नऊ दिवसांत जेवढं कळलं, तेवढं तीस वर्षं वर्तमानपत्र वाचून कळलं नव्हतं.

साहेबांच्या पंथाची एक श्रद्धा असते. आधी प्रेरणा डोक्यात शिरते, मग ती दंडातून खाली उतरते आणि शेवटी बोटं हलायला लागतात, अशी ती श्रद्धा. मी म्हणतो, हे साफ खोटं आहे. माझ्या घरी तरी गाडी उलट दिशेनं येते. आधी बोटाला गोंद लागतो. हात आता धुवायलाच लागणार, तर त्याआधी आणखी एक स्लीपर चिकटवून टाकू, असं मन म्हणतं. मग आणखी एक. तासाभरानं बायको विचारते, "अहो, जेवायचंय की नाही?" तेव्हा लक्षात येतं की आपण प्रेरित झालो होतो. प्रेरणेची वाट बघत बसणारा माणूस हा गाडी आल्यावर तिकीट काढू म्हणणाऱ्यासारखा. त्याला गाडी दिसते खरी, पण तिची फक्त पाठ.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. १९८९ साली मी चिकाटीच्या भरात खंडाळ्याचा घाट करायला घेतला होता. सहा फूट बाय चार फूट प्लायवूड! घाट म्हणजे अस्सल जुना, १८६३ साली खुला झालेला, पंचवीस बोगद्यांचा. आणि त्यात ते रिव्हर्सिंग स्टेशन, जिथं १९२९ पर्यंत गाडी थांबायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं आणि गाडी उलट तोंडानं पुढचा चढ चढायची. मी अडीच बोगदे केले. अडीच! तिसरा बोगदा अर्धाच राहिल्यामुळे त्यात मांजर जाऊन बसायचं आणि निघताना दरड कोसळायची. पुढं ते प्लायवूड अकरा वर्षं पलंगाखाली होतं, आणि उन्हाळ्यात गच्चीवर त्यावर पापड वाळायचे. घाटमाथ्यावरचे पापड जरा लवकर वाळतात असं आमच्या घरी निरीक्षण आहे.

त्या काळात मी उत्साहानं बायकोला या घाटाचा इतिहास सांगितला होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. तर त्याच्या बायकोनं, अॅलिसबाईंनी, कंत्राट सोडलं नाही. जाणत्या अभियंत्यांना हाताशी घेऊन तो घाट तडीस नेला. बायकोनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका."

त्या वेळी सगळे म्हणाले, याच्यात चिकाटी नाही. मीही तसंच समजलो आणि बरीच वर्षं स्वतःला नालायक मानून घालवली. हाच माझा खरा राग आहे. माझ्यात काही कमी नव्हतं हो, प्लायवूड जास्त होतं! माणूस हत्तीला आंघोळ घालायला लोटा घेऊन जातो, आणि शेपटीपर्यंत पोचत नाही म्हणून आपण त्याला आळशी ठरवतो. लोट्यानं आंघोळ घालायची तर कासव बघावं.

आणि पुरावा हवा असेल तर तो आपल्या प्रत्येक वाड्याच्या अंगणात होता. दिवाळीचा किल्ला! किल्ला करायला कुणी कधी वही आखून दिल्याचं आठवतंय? माती कुणाच्या तरी बांधकामावरून, दगड रस्त्यावरचे, पोतं किराणावाल्याचं, अळीव आईच्या डब्यातले. प्रमाणाच्या नावानं आनंद. महाराज गडापेक्षा मोठे, आणि पायथ्याच्या विहिरीत पहारेकरी मावळा टाकला तर विहीर भरून जायची. तरी वसुबारसेपर्यंत किल्ला उभा राहायचा म्हणजे राहायचा. कारण अंगणाचा कोपरा लहान होता, तारीख ठरलेली होती, आणि शेजारच्या वाड्यातली पोरं बघायला येणार होती. बस. त्याच पोरांना मोठेपणी कुणीतरी चिकाटी शिकवतं आणि मग त्यांच्या हातून फक्त हप्ते पूर्ण होतात.

तर यंदा फळी दोन फुटांची. आमच्या छंदात एचओ म्हणून जे माप चालतं, ते एकास सत्त्याऐंशी. म्हणजे माझ्या फळीवर खऱ्या जगातली जेमतेम बावन्न-त्रेपन्न मीटर जागा मावते. एक खोली, बुटका फलाट, एक झाड, इंजिन नि दोन डबे. रुळाला टोक नाही, म्हणजे दोन्ही बाजूंना टोकच आहे. गाडी चालत नाही. 'मग उपयोग काय?' असं विचारणारे भेटतात. त्यांनी बारशी लाईटनं प्रवास केलेला नसावा. माझ्या लहानपणच्या सुट्ट्यांत मी जी बारशी लाईट पाहिली ती मला मुख्यतः उभी असलेलीच आठवते. पाणी घेताना उभी, क्रॉसिंगला उभी, आणि कधीकधी नुसतीच, विचारात पडल्यासारखी उभी. माझं मॉडेल या बाबतीत अत्यंत काटेकोर आहे.

काटेकोरपणावरून आठवलं. आमच्यात आणखी एक जमात असते, गेजवाल्यांची. भारतीय ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. एचओच्या मापात ते एकोणीसच्या वर जातं, आणि बाजारात मिळतो तो रूळ साडेसोळाचा, परदेशी गेजसाठी केलेला. यावरून ही मंडळी वर्षानुवर्षं झुरतात आणि रूळ टाकतच नाहीत. मला मात्र बारशी लाईटनं तारलं. तिचं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर; सत्त्याऐंशीनं भागा, पावणेनऊ येतात. दुकानातला रूळ नवाचा. पाव मिलिमीटरचा फरक! एवढा फरक माझ्या चष्म्याच्या दोन काचांत आहे. १८९७ साली ही लाईन घातली त्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉपसाहेबाचे मी मनातल्या मनात आभार मानले. (या गृहस्थानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं. आपल्या लाईनवरचे कंटाळलेले उतारू पाहून त्याला ही कल्पना सुचली असेल, असा आमच्या मामांचा तर्क होता.)

बाकी साहित्य घरातलंच. तयार रुळाचे स्लीपर फार दाट असतात, ते कापून आगकाड्या लावल्या. आगकाडी दोन मिलिमीटर जाड. सत्त्याऐंशीनं गुणा, सात इंच होतात. यापेक्षा चांगला स्लीपर विलायतेतही मिळायचा नाही. खडीच्या जागी पांढरी रांगोळी, चुलीची राख मिसळून करडी केलेली. ती पसरायची, मग फेविकॉलमध्ये दुप्पट पाणी घालून ड्रॉपरनं सोडायचं. आणि इथं एक गोष्ट कान उपटून घेऊन शिकलो : त्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवाच. नाहीतर पाणी रांगोळीत मुरत नाही, मोत्यासारखं वर गोळा होऊन बसतं आणि लोळत लोळत निम्मी खडी घेऊन जातं. जमिनीला चहाचा चोथा. तो पावसाळ्यात नीट वाळला नाही आणि त्यावर बुरशी आली. आलेल्या पाहुण्यांनी त्या हिरवळीचं फार कौतुक केलं, म्हणून महिनाभर काढली नाही.

कोथरूडचं जोशांचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हापासून मी ते चार वेळा पाहिलंय. गाड्या धावतायत, सिग्नल पडतायत, दिवे लागतायत. पाहून ऊर भरून येतो. आणि घरी आल्यावर पंधरा दिवस आगकाडीला हात लावावासा वाटत नाही. साहेब मला सांगतात, 'मोठ्यांचा आदर्श ठेवा.' अहो, गवयाचं गाणं ऐकून आल्यावर न्हाणीघरात गुणगुणायची लाज वाटते, तिथं आदर्श कसला ठेवताय? न्हाणीघराला न्हाणीघरच राहू द्या.

पण हे काम दोन वर्षं मी सोडलं नाही, त्याचं कारण साहेबांना सांगितलेलं नाही. कारण सत्त्याऐंशी वर्षांचं आहे (एकास सत्त्याऐंशी हे माप त्यामुळे निवडलेलं नाही, पण जुळलं खरं), आणि ते संध्याकाळी साडेपाचला चहा घेऊन टेबलाशी येऊन बसतं. हे स्टेशन आईच्या माहेरचं. घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथला नॅरो गेज रूळ उखडला गेला, खोली पडली, माहेरचं घर पाडून पुतण्यांनी सिमेंटचं बांधलं. फोटो एकही नाही. त्या काळी फोटो लग्नात काढत, स्टेशनात नव्हे. म्हणजे ते स्टेशन आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे, आणि त्या ठिकाणी अलीकडे कालचं जेवण राहत नाही.

पण फळी समोर आली की आई स्टेशनमास्तर होते. "घंटा कुठाय? रुळाचा तुकडा टांगलेला असायचा. त्यावर लोखंडाचा गज मारायचे." मग मी तारेचा तुकडा टांगतो. "रांजण नाही ठेवलास? आषाढीला केवढी माणसं! मालाच्या डब्यांतून बसून जायची पंढरपूरला. रांजण दुपारीच तळाला जायचा." मग शाडूचा रांजण होतो. दाराचा रंग तीनदा बदलला. दर वेळी ती म्हणते, "हां, हाच." मला त्याचं काही वाटत नाही. पुन्हा रंगवायला फार तर दहा मिनिटं लागतात. फळी लहान ठेवण्याचा हाही एक फायदा. खंडाळ्याचा घाट तिनं बदलायला सांगितला असता तर?

भानगड झाली कडुनिंबाची. तांब्याच्या तारा पिळून खोड केलं, हिरवा स्पंज कुस्करून पानं लावली, आणि खोलीच्या डाव्या अंगाला रोवलं. आई बघत राहिली. म्हणाली, "याच्याखाली अण्णा उभे होते, मी पहिल्यांदा सासरी निघाले तेव्हा. टोपी काढून नुसते उभे. हात हलवायचं सुचलं नाही त्यांना." त्यानंतर तिनं थंड झालेला चहा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी आली ती रागावूनच. "हे इकडे कुणी लावलं? कडुनिंब उजवीकडे होता. अण्णांच्या तोंडावर ऊन येत होतं." मी उजवीकडे लावला. चार दिवसांनी पुन्हा डावीकडे!

तिसऱ्या मजल्यावर ही हकीगत पोचली आणि साहेब मुद्दाम खाली आले. त्यांचं म्हणणं, असं चालायचं नाही. आधी माहिती निश्चित करा, गावात कुणी जुनं माणूस असेल त्याला विचारा, नकाशा काढा, आणि मगच झाड पक्कं करा. अशानं प्रोजेक्ट पुरा कधी होणार? बोलता बोलता त्यांचं लक्ष त्या नऊ दिवसांच्या वहीकडे गेलं. तिच्या पानांचे चौकोन कापून मी स्टेशनाच्या छपराचे पत्रे केले होते. 'साध्य : नाही' ही अक्षरं चहाच्या बाजूनं दिसत होती. साहेब काही बोलले नाहीत. टाकीची सही मात्र तेव्हाच घेऊन गेले.

मी त्याच रात्री फळीला खोलीच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडलं आणि झाडाच्या बुडाशी खिळा बसवला. आता कडुनिंब उपटून हवा तिकडे लावता येतो, खडीसुद्धा हलत नाही. टोपी हातात धरलेला, जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा एक माणूस मेणाचा करून ठेवलाय, तोही झाडाबरोबर जातो. संध्याकाळी पाच वाजता मी चहा टाकतो आणि आईला आतल्या खोलीत जाऊन विचारून येतो.

आज उजवीकडे आहे.